गुंडीची नखं आणि सोफ्याचा डावा कोपरा

"मांजरीची नखं काढून टाकता येतात ना हो?" असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा माझ्या मनात नेलकटरपेक्षा जरा मोठं काहीतरी होतं, एवढंच. भूल देतील, नखं काढतील, चार दिवस बँडेज, संपलं. विचारताना मला अपराधी वगैरे अजिबात वाटलं नव्हतं. उलट जबाबदार बाई असल्यासारखं वाटत होतं.

गुंडी तेव्हा चार महिन्यांची होती. आणली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती म्हणून नाव गुंडी, पण महिनाभरात तिनं त्या नावातला 'गुंड' तेवढा मनावर घेतला. सोफ्याच्या डाव्या हाताचा पुढचा कोपरा तिनं असा काही खरवडला होता की तिथं कापड कुठलं आणि आतला स्पंज कुठला ते कळेना. आमच्या सोफ्याचं कापड जाड, सैल विणीचं. नख अडकतं, ओढलं की धागा वर येतो, आणि त्या धाग्याशी पुन्हा खेळता येतं. मांजरीसाठी मुद्दाम शोधूनही याहून चांगलं कापड मिळालं नसतं.

तरी सोफ्याचं मी सोसलं असतं. खरं कारण होतं सासूबाईंचा हात. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे आणि वयानं कातडी कागदासारखी झालेली. गुंडी त्यांच्या मांडीवर झोपली होती, बाहेर काहीतरी धाडकन पडलं आणि ती दचकून उडी मारून पळाली. उडी मारताना जोर घ्यायला तिनं नखं रोवली ती सासूबाईंच्या मनगटाच्या वर. तीन बारीक रेघा. दुसऱ्या कुणाला असत्या तर पाण्यानं धुऊन विसरलो असतो. त्यांच्या हातातून रक्त थांबायला अर्धा तास लागला. सासूबाई "काही नाही गं, पिल्लू आहे" म्हणत होत्या, पण नवऱ्याचा चेहरा उतरला होता. "मांजर राहील नाहीतर नखं," असं तो म्हणाला आणि खोलीत निघून गेला.

त्याच रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मनीची नखं लहानपणीच काढलेली. "अगं, एकदा ऑपरेशन केलं की कटकट मिटते. आमचा सोफा बघ, नवा आहे." म्हणून मी दवाखान्यात तो प्रश्न विचारला.

डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी माझी तर्जनी हातात घेतली आणि टोकाकडच्या सांध्यावर अंगठ्यानं दाबलं. "हे शेवटचं पेर. मांजरीचं नख आपल्यासारखं बोटावर चिकटलेलं नसतं, ते या पेराच्या हाडातूनच उगवतं. नुसतं नख उपटलं तर परत येतं. म्हणून या सांध्यातून पेर कापतात. हाडासकट. पुढच्या दोन पंजांची नखं काढायची म्हणजे अशी दहा पेरं." मग बोट सोडून म्हणाल्या, "मी हे ऑपरेशन करत नाही. पण तुम्ही आलात ते बरं झालं, प्रश्न खराच आहे तुमचा."

मी घरी येईपर्यंत माझ्या बोटाकडे बघत होते. दारात कुलूप उघडताना बोटांची टोकं न लावता किल्ली धरून पाहिली. पडली.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मांजर पूर्ण तळव्यावर चालत नाही, बोटांवर चालते. मागच्या पायाला जो उलटा गुडघा वाटतो ती तिची टाच, आणि ती चालताना हवेत असते. म्हणजे ज्या पेरावर अंगाचा भार येतो, तेच कापायचं. त्यानंतर तिनं आयुष्यभर उड्या मारायच्या, आणि ऑपरेशननंतर दुखऱ्या पंजांनी रेतीचा डबा उकरायचा. काही मांजरी मग डब्यात जाणंच सोडतात, कारण डबा म्हणजे दुखणं असं त्यांच्या डोक्यात बसतं.

"लेझरनं केलं तर?" मी विचारलं होतं. हत्यार बदलतं, रक्त कमी जातं, पेर तेवढंच जातं. दुसरा एक प्रकार असतो, त्यात नख बाहेर काढणारी कंडरा कापतात. नख जागेवर राहतं, पण मांजरीला ते बाहेर काढता येत नाही, म्हणजे झिजवताही येत नाही. ते जाड होत जातं आणि वेळच्या वेळी कापलं नाही तर वळून पंजाच्या गादीत घुसू शकतं. म्हणजे नखं कापण्याचा त्रास नको म्हणून ऑपरेशन करायचं आणि मग जन्मभर नखं कापत बसायचं. नखाच्या मुळाशी गाठ झाली किंवा असंच काही मोठं दुखणं झालं तर त्या एका बोटाचं पेर काढावं लागतं, ती गोष्ट निराळी.

सासूबाईंचं काय, हे मी शेवटी विचारलंच. त्यावरचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. ओरखड्यापेक्षा चावा वाईट, त्या म्हणाल्या. मांजरीचा सुळा सुईसारखा बारीक असतो, जखम वरून लगेच मिटते आणि जंतू आत खोल राहतात. नखं गेलेल्या मांजरीकडे बचावाला दातच उरतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लोकांनाही घरातल्या मांजरीची नखं काढून घ्या असा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, देत नाही. ओरखड्यातून ताप येणारा जो आजार आहे त्याचे बार्टोनेला नावाचे जंतू मांजरींमध्ये पसरतात पिसवांमुळे. तेव्हा आधी पिसवांचं औषध नियमित करा, आणि नखांची टोकं कापायला शिका.

त्या रात्री मी वाचत बसले. 2018 साली पशुवैद्यकांच्या एका नियतकालिकात आलेला अभ्यास सापडला. नखं काढलेल्या 137 आणि न काढलेल्या 137 मांजरी, दोन्ही गटांची दुखणी आणि सवयी तपासलेल्या, आणि नखं काढलेल्यांचे एक्सरेही काढलेले. नखं काढलेल्यांपैकी 63 टक्के मांजरींच्या पंजात कापलेल्या हाडाचे तुकडे मागे राहिलेले होते. पाठदुखी, चावणं, डब्याबाहेर शू-शी करणं हे सगळं त्या गटात जास्त. जिथं तुकडा राहिला नव्हता, ऑपरेशन नीट झालं होतं, तिथंही चावणं आणि डब्याबाहेर जाणं न कापलेल्यांपेक्षा जास्तच होतं. कायद्यांचीही मोठी यादी निघाली. घरच्या पाळीव प्राण्यांसाठीच्या 1987 च्या युरोपीय करारात हे ऑपरेशन नको असलेल्या गोष्टींत आहे, इस्रायलनं 2011 मध्ये बंदी घातली, अमेरिकेत वेस्ट हॉलिवूड शहरानं 2003 मध्ये आणि न्यूयॉर्क राज्यानं 2019 मध्ये. इतक्या जणांनी विचार करून ठेवलेला होता आणि मी नेलकटर डोळ्यापुढे ठेवून दवाखान्यात गेले होते.

सकाळी मावसबहिणीला फोन केला. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, मनी कशी आहे? "आहे बरी. पण हल्ली गादीवर शू करते गं. आणि उचललं की चावते. म्हातारी झाली, दुसरं काय." मी पुढे काही बोलले नाही. कारण तेच असेल असं मला तरी कसं ठामपणे सांगता येणार, आणि तिनं त्या वेळी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच केलं होतं. मात्र मनीच्या पायांचा एक्सरे काढून घे, एवढं पुढच्या वेळी बोलताना सांगितलं.

आता प्रश्न असा की नखं राहणार, सासूबाई राहणार, सोफाही राहणार. मग?

पहिलं काम मी मूर्खासारखं केलं. गालिच्याचं कापड गुंडाळलेला गुडघ्याएवढा तयार खांब घेऊन आले, कोपऱ्यात, कपाटाच्या आड ठेवला, आणि गुंडीचे पुढचे पंजे धरून त्यावर घासले. शिकवलं म्हणायचं. तिनं कान मागे पाडले आणि अंग आक्रसून घेतलं. दोन दिवसांनी ती आपण होऊन त्या खांबापाशी गेली, पंजे टेकवले, तो डुगडुगला आणि तिच्याच अंगावर कलंडला. त्यानंतर ती त्या खोलीतच जाईना. पाण्याचा फवाराही एकदा मारला. परिणाम एवढाच की मी खोलीत असताना ती सोफ्याला हात लावेना, मी उठले की आतून खर्र खर्र सुरू.

तीन आठवडे असे गेल्यावर मी शिकवणं थांबवलं आणि बघत बसले. लेकीच्या जुन्या वहीत चार दिवस नोंदी केल्या. गुंडी कधी खरवडते, कुठं, कशी. वाचायला वेडेपणा वाटेल, पण या चार दिवसांनी जे सांगितलं ते तीन आठवड्यांत कळलं नव्हतं.

ती सोफ्याकडे जायची ती बहुतेक वेळा झोपून उठल्या उठल्या. जांभई, कमान, आणि मग थेट कोपरा. दुसरी वेळ म्हणजे आमच्यापैकी कुणी बाहेरून आलं की. आनंद झाला की खरवड! उभं राहून खरवडायची, आडवं कधीच नाही. पंजे जितके वर जातील तितके वर न्यायचे, नखं रोवायची आणि सगळं अंग मागे खेचायचं. खांदे, पाठ, सगळं ताणून निघायचं. आणि नेहमी डावाच कोपरा, दारातून आत येताना पहिला लागतो तो. उजव्या कोपऱ्याला तिनं आजवर नख लावलेलं नाही.

यातलं काहीच खोडी म्हणून नव्हतं. खरवडताना नखाचं वरचं जुनं आवरण निघतं आणि आतलं टोकदार नख मोकळं होतं. मांजरीच्या पंजात गंधग्रंथी असतात, त्यामुळे खरवडलेल्या जागी तिचा वास राहतो, ओरखडे दिसत राहतात. ही जागा माझी, असं दोन प्रकारे लिहून ठेवणं. मग ते दारासमोर, येण्याजाण्याच्या वाटेवरच असायला हवं. कपाटाच्या आड पाटी लावून काय उपयोग?

असंच एकदा सोफ्याखाली झाडताना मला अख्खं नख सापडलं. बाकदार, टोक शाबूत, आतून पोकळ. माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं हिचं नख उपटलं गेलं. गुंडीला पकडून अठराच्या अठरा नखं मोजली, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. सगळी जागच्या जागी. ते नुसतं टरफल होतं. हरभऱ्याच्या सालासारखं हलकं.

दुसरा खांब मग घरीच केला. नवऱ्यानं मनापासून केला, हे नोंदवायला हवं, कारण "मांजर राहील नाहीतर नखं" म्हणणारा तोच. उंची 90 सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण वाढल्यावरही तिला अंग ताणता येईल. तळाला जाड, रुंद फळी, आणि तिच्यातून खालून दोन मोठे स्क्रू. मी खांबाला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, हलला नाही. वर घायपाताचा दोर, दुकानात सिसल म्हणतात तो. गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला हातोडीनं ठोकून भिडवायचा. फट राहिली तर दोर सैल होतो, नख त्यात अडकतं. टोकं आत दाबून पक्की करायची. माझ्या तळव्यांना दोन दिवस दोराचे व्रण होते. आम्ही गुंडाळत असतानाच गुंडी दोराच्या मोकळ्या टोकाशी लढत होती, तेव्हाच मला वाटलं की हे जमणार.

खांब ठेवला सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याला अगदी टेकून. दिसायला भयंकर. आणि कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंजाला चिकट लागलेलं मांजरींना आवडत नाही. (नवऱ्याच्या पँटलाही आवडलं नाही. दोनदा तो सोफ्यासकट उठला.) टेपच्या आधी दोन दिवस चांदीचा कागद लावून पाहिला होता. तो काही मांजरींना नकोसा वाटतो म्हणतात. आमचीला त्याचा आवाज इतका आवडला की ती मुद्दाम येऊन वाजवायची.

टेप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपून उठली. कमान झाली. कोपऱ्याशी गेली, एक पंजा ठेवला, उचलला, झटकला, चाटला. टेपकडे बघितलं. मग शेजारी बघितलं. खांबाचा वास घेतला, खालून वर, नाक दोराला लावून. मागच्या पायांवर उभी राहिली आणि पंजे वर नेले. खर्र. थांबली. खांब पडतोय का हे तिनं पाहिलं असावं. मग पुन्हा, आणि मग न थांबता, डोळे अर्धे मिटून. मी श्वास धरून बसले होते. संपल्या क्षणी तिच्या पुढ्यात खाऊ टाकला. हे लगेच करावं लागतं, मिनिटभरानं दिलेला खाऊ कशाचा ते तिला कळत नाही. टेप दीड-दोन महिने ठेवली, मधेमधे केस चिकटून ती निकामी व्हायची, बदलायची.

नखं कापणं मात्र वेगळंच प्रकरण. आठवडाभर मी कात्री हातातही घेतली नाही. ती गुंगीत असली की पंजा धरायचा, अंगठ्यानं वरून आणि बोटानं खालून हलकेच दाबायचं, नख म्यानातून यावं तसं बाहेर सरकतं, बघायचं, सोडून द्यायचं, खाऊ. उजेडात धरलं की नखाच्या आत गुलाबी रेघ दिसते, ती जिव्हाळी. तिच्यात रक्तवाहिनी असते आणि मज्जातंतूही. कापायचं ते तिच्या बरंच अलीकडचं पांढरं बाकदार टोक, तेही मांजरींच्या कात्रीनं. पहिल्या दिवशी एक नख, दुसऱ्या दिवशी एक. अंगठ्याचं नख विसरायचं नाही. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही.

सहाव्या की सातव्या खेपेला मला वाटलं की आता आपण तरबेज झालो. बोलता बोलता कापायला गेले आणि जिव्हाळी लागली. गुंडी ओरडली, मी ओरडले, थेंबभर रक्त. कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकाशी दाबून धरलं, दोन मिनिटांत थांबलं. पण पुढचे आठ दिवस मी जवळ गेले की ती पंजे पोटाखाली घ्यायची. पुन्हा पहिल्यापासून, नुसतं धरायचं, सोडायचं. आता दर दोन आठवड्यांनी पुढची दहा नखं दोन बैठकांत होतात. बोलत नाही मी तेव्हा.

सासूबाईंच्या समाधानासाठी मधले दोन महिने नखांच्या टोप्याही लावल्या. मऊ प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या, आत गोंदाचा थेंब, कापलेल्या नखावर बसवायच्या. चार ते सहा आठवड्यांत टरफलाबरोबर आपोआप गळतात. रंग सासूबाईंनी निवडला, जांभळा. "पार्लरला जाऊन आली बाई," म्हणून त्या तिला सगळ्यांना दाखवत. गुंडीनं दोन टोप्या पहिल्याच दिवशी चावून काढल्या, बाकीच्या चालवून घेतल्या. माप चुकलं की त्या लगेच निघतात किंवा टोचतात, आणि रोज बघावं लागतं. टोकं कापणं अंगवळणी पडल्यावर आम्ही टोप्या सोडल्या.

ओरखडे थांबले त्याचं श्रेय टोप्यांना मात्र मी देणार नाही. एक म्हणजे सासूबाईंच्या मांडीवर जाड दुलईची घडी, ती असल्याशिवाय गुंडीला मांडीवर घ्यायचं नाही. दुसरं म्हणजे आमच्या लेकीचा हात. ती पांघरुणाखालून बोटं वळवळवून गुंडीला झडप घालायला लावायची आणि हसायची. म्हणजे हात ही शिकार आहे हे आम्हीच तिला शिकवत होतो. ते बंद झालं. काठीला बांधलेली दोरी आली, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, धाप लागेपर्यंत. दमलेलं मांजर कुणाच्या मनगटाशी खेळत नाही.

गेल्या महिन्यात सोफ्याला नवं कापड घातलं, घट्ट विणीचं, नख न अडकणारं. घर जरा नीट दिसावं म्हणून मी खांब रोज चार बोटं असा सरकवत भिंतीकडे नेत होते. आठ-दहा दिवस सगळं ठीक. मग एका संध्याकाळी मी बाहेरून आले, गुंडी दारात आली, आनंदानं वळली, खांब जिथं असायचा तिथं गेली. तिथं खांब नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एक पंजा नव्या कापडावर ठेवला.

मी चप्पलही न काढता खांब उचलून कोपऱ्याला लावला. तिथंच आहे तो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येतो.